कारखान्यावरील परकीय नाटके आणि त्यांचे जाहीर वाचन

आपण 'नाटक पाहिले' असे म्हणतो. 'नाटक ऐकले' असे म्हणणारा मनुष्य एक तर संगीत नाटकाचा जुना शौकीन असतो, नाही तर त्याला मांडवात खांबाआड जागा मिळालेली असते. आज मला ज्या प्रकाराविषयी बोलावयाचे आहे तो मात्र मुळातच ऐकण्याचा आहे. पाच-सात माणसे खुर्च्यांवर एका रांगेत बसतात. प्रत्येकाच्या हातात नाटकाची प्रत असते. पडदा नाही, रंगभूषा नाही, पोशाख नाहीत. एक जण प्रसंगाचे स्थळ, वेळ आणि पात्रांच्या हालचाली वाचून सांगतो व बाकीचे आपापल्या पात्रांची भाषणे वाचतात. याला कोणी नाट्यवाचन म्हणतात, कोणी अभिवाचन. शब्द नवे असतील. पण ज्या गावांत चातुर्मासात पोथी लागते, एक जण ओवी वाचतो, दुसरा तिचा अर्थ सांगतो, आणि पुढचा प्रसंग पाठ असूनही माणसे दोन दोन तास बसून राहतात, त्या गावांना ही रीत परकी वाटण्याचे कारण नाही.

या वाचनाचा एक विशेष भाग मी आज घेतला आहे. कारखान्यातील कामावर परदेशांत जी नाटके लिहिली गेली ती अशा रीतीने आपल्याकडे वाचावी काय, आणि वाचावी तर कोणती व कशी, एवढाच प्रश्न आहे. बोरीसारख्या गावी हा विषय कशाला, असे कोणाच्या मनात येईल. येथे कापूस आहे, तूर आहे, सोयाबीन आहे, धुरांडी नाहीत. पण कापूस घरातून निघाला की परभणी, सेलू, मानवतच्या जिनिंगमध्ये जातो, आणि मुलगा बारावी होऊन घरातून निघाला की वाळूज, चाकण नाही तर भोसरीला जातो. तेथे तो काय करतो हे आपल्याला ठाऊक नसते. 'कंपनीत आहे' एवढेच आपण सोयऱ्यांना सांगतो. दिवाळीला तो घरी आला की आई विचारते, जेवायचे कसे होते. बाप विचारतो, हातात किती पडतात. दिवसाचे आठ-दहा तास त्याच्या हातून काय होते, त्याच्या शेजारी कोण उभे असते, त्याला कोण काय बोलते, हे विचारण्याचे शब्दच आपल्यापाशी नाहीत. वखरणी, डवरणी, खुरपणी, वेचणी असे शेतातल्या प्रत्येक कामाला आपल्या बोलीत वेगळे नाव आहे. कारखान्यातल्या सगळ्या कामांना मिळून 'ड्यूटी' हा एकच शब्द.

असे का झाले याचे एक कारण मला आपल्याच जिल्ह्यात सापडते. गंगाखेडच्या जनाबाईच्या नावावर जे अभंग आहेत त्यांत दळण आहे, कांडण आहे, शेण्या वेचणे आहे. देव येऊन तिच्या कामाला हात लावतो, म्हणजे तिचे काम हेच काव्याचे स्थळ आहे. जात्याची घरघर सुराला आधार देई आणि त्यावर ओवी उमटे. मोटेवरची गाणी होती, पेरणीची होती. पुढे पिठाची गिरणी आली आणि ओवी थांबली. गिरणीत उभे राहून कोणी गात नाही. गायले तर शेजारच्याला ऐकू जात नाही. यंत्राने बायकांचे कष्ट वाचवले यात शंका नाही, आणि पहाटे उठून पायली पायली दळलेल्या म्हातारीपुढे कोणी ओव्यांचे गोडवे गाऊ नयेत, ती चांगलेच सुनावील. परंतु काम आणि बोलणे यांची ताटातूट झाली ती येथे. कापडगिरणीच्या साचेखात्यात शेकडो माग एकदम धडधडू लागले म्हणजे कामगारांना खुणांनी बोलावे लागे. मनातले जे बोलावयाचे ते पाळी सुटल्यावर, खानावळीत, चहाच्या टपरीवर, चाळीच्या गॅलरीत नाही तर गेटसभेत.

आता ही गोष्ट ध्यानात ठेवून परदेशी नाटकांकडे पाहावे. कारखान्यावर लिहिलेली जी नाटके टिकली त्यांतली बहुतेक यंत्रापाशी घडतच नाहीत. ती यंत्राशेजारच्या खोलीत घडतात. माल तपासून घेण्याची खोली, मॅनेजरचे जेवणघर, कामगाराचे स्वयंपाकघर, दारूचा गुत्ता, विश्रांतीची खोली, कचेरी. यंत्र भिंतीपलीकडे चालू असते किंवा बंद पडलेले असते. नाटक भिंतीच्या अलीकडे असते, आणि ते सारे बोलण्याचे असते. म्हणून ही नाटके वाचून दाखवता येतात. हजार रुपये भाड्याचा देखावाही जेथे नेता येत नाही तेथे ती नेता येतात. माझे आजचे म्हणणे मुख्यतः एवढेच आहे, आणि ते पटावे म्हणून दोन-तीन नाटकांत आपल्याला थोडे आत जावे लागेल.

पहिले नाटक जर्मन. गेरहार्ट हाउप्टमान या लेखकाने ते १८९२ मध्ये प्रसिद्ध केले, नाव 'विणकर'. सिलेशिया या प्रांतात १८४४ च्या जून महिन्यात विणकरांनी उठाव केला, कारखानदाराचा वाडा फोडला, सैन्याने गोळीबार केला आणि अकरा माणसे मेली, या खऱ्या घटनेवर ते आधारलेले आहे. हा भाग आज पोलंडमध्ये आहे. हाउप्टमानचा आजा स्वतः मागावर बसलेला गरीब विणकर होता आणि त्याच्या गोष्टी लेखकाने वडिलांकडून ऐकल्या होत्या. नाटक वडिलांनाच अर्पण केले आहे. काटेकोर बोलावयाचे तर हे कारखान्याचे नाटक नव्हे. विणकर घरीच माग चालवतात आणि तयार कापड ड्रायसिगर नावाच्या कारखानदाराकडे नेऊन देतात. पण मजुरी, मुकादम आणि माल नापास होणे या तीन गोष्टी तेथे पूर्णपणे हजर आहेत, म्हणून मी त्याला पहिला मान देतो.

पहिला अंक माल घेण्याच्या खोलीत घडतो. विणकर कापडाचे गठ्ठे घेऊन रांगेत उभे आहेत. फायफर नावाचा कारकून कापड तपासतो. हा स्वतः पूर्वी विणकरच होता, आता मालकाच्या बाजूचा झाला आहे, आणि म्हणूनच जास्त कडक आहे. येथे गाठ राहिली, तेथे वीण सैल, वजन कमी भरले, म्हणून एवढे पैसे कापले. विणकर थोडी उचल मागतात, ती मिळत नाही. श्रोते हो, ज्याने बाजारात कापसाची गाडी उभी केली आहे त्याला हा अंक समजावून सांगावा लागणार नाही. बोंडात हात घालून 'ओलावा आहे' म्हणणारा माणूस आणि कडता कापणारा माणूस त्याने पाहिलेला आहे. एवढ्यात रांगेतला एक लहान मुलगा भुकेने कोसळतो. मालक ड्रायसिगर बाहेर येतो, मुलाची व्यवस्था करावयास सांगतो, आणि मग त्या मुलावर एवढे ओझे देणाऱ्या आईबापांवरच चिडतो. पुढे तो मोठ्या उदार आवाजात जाहीर करतो की आणखी दोनशे विणकरांना मी काम देणार आहे. दर मात्र खाली आणलेला असतो. दया आणि कपात एकाच भाषणात, एकाच माणसाच्या तोंडून! हे भाषण वाचणाऱ्याने खलनायकाच्या आवाजात वाचले तर सगळा अंक फुकट जाईल. ड्रायसिगरला आपण भले करीत आहो असे मनापासून वाटत असते, आणि तेच भयंकर आहे.

दुसऱ्या अंकात घरातील दारिद्र्य आहे. घरात मांस शिजले आहे, म्हातारा किती दिवसांनी ते खातो आहे. ते पाळलेल्या कुत्र्याचे आहे आणि त्याच्या पोटात ते ठरत नाही. तिसरा अंक गुत्त्यात, चौथा मालकाच्या दिवाणखान्यात. पाचवा अंक हिल्से नावाच्या देवभोळ्या वृद्ध विणकराच्या घरी. त्याविषयी शेवटी सांगेन.

परंतु या नाटकाची सर्वांत बोधक गोष्ट नाटकात नाही, त्याच्यावर चाललेल्या खटल्यात आहे. बर्लिनच्या पोलिसांनी १८९२ मध्ये त्याच्या जाहीर प्रयोगाला मनाई केली. तेव्हा सभासदांपुरते खासगी खेळ करणाऱ्या एका मंडळाने २६ फेब्रुवारी १८९३ रोजी ते प्रथम केले. त्याच वर्षी वरिष्ठ न्यायालयाने बंदी उठवली. का उठवली? नाटकात दोष नाही म्हणून नव्हे. ज्या थिएटरात ते व्हावयाचे होते तेथील तिकिटे इतकी महाग आहेत की दंगा करण्याकडे कल असणारे लोक तेथे फारसे येणारच नाहीत, असे न्यायालयाचे म्हणणे पडले! मग १८९४ च्या सप्टेंबरात ते वाजतगाजत झाले. बादशहाने रागाने आपली राखीव जागा सोडून दिली. पण बाकीचे शहर आले. म्हणजे ज्यांच्याविषयी नाटक आहे त्यांना ते परवडत नाही, एवढ्याच अटीवर ते दाखवावयास हरकत नाही, असा हा न्याय झाला. हाउप्टमानला पुढे १९१२ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. त्या न्यायाधीशांना कोणते पारितोषिक मिळाले ते माहीत नाही. मिळावयास हवे होते, कारण नाट्यगृहाचे अर्थशास्त्र इतक्या थोड्या शब्दांत आणखी कोणी सांगितलेले नाही. जाहीर वाचनाला तिकीट नसते. हा त्याचा दुसरा गुण. आणि पहिल्याइतकाच मोठा.

दुसरे नाटक इंग्रजी. जॉन गॉल्सवर्दी याचे 'स्ट्राइफ', म्हणजे झगडा; १९०९ मध्ये लंडनला प्रथम झाले. आपल्या शेजारच्या भाषेत ते फार पूर्वी आले आहे. प्रेमचंदांनी १९३० च्या सुमारास गॉल्सवर्दीची तीन नाटके हिंदीत आणली, त्यांतले 'हडताल' ते हेच. प्रेमचंदांसारख्या माणसाने आपला वेळ त्यावर घालवला, यावरूनच त्याचा कस कळावा.

वेल्सच्या सरहद्दीवर पत्र्याचा एक कारखाना आहे. संप सुरू होऊन सारा हिवाळा गेला आहे. नाटक एकाच दिवशी, दुपारी बारापासून संध्याकाळी सहापर्यंत घडते. पडदा उघडतो तेव्हा कंपनीचे संचालक मॅनेजरच्या जेवणघरात बसले आहेत आणि त्यांची तक्रार काय? तर शेकोटी फार तापली आहे, मध्ये आडोसा ठेवा. दुसऱ्या अंकात आपण कामगारांचा पुढारी रॉबर्ट्स याच्या स्वयंपाकघरात जातो. तेथे विस्तवापुरता कोळसा नाही आणि त्याची बायको ॲनी आजारी आहे. लेखक याच्यावर एक शब्दाचेही भाष्य करीत नाही. दोन खोल्यांतील हवा तेवढी सांगतो. रंगमंचावर हे दाखवावयाचे तर दोन देखावे लागतात. वाचनात निवेदकाची दोन वाक्ये पुरतात, आणि ऐकणाऱ्याला थंडी वाजते.

कंपनीचा वृद्ध अध्यक्ष अँथनी आणि पुढारी रॉबर्ट्स हे दोघेही सारखेच हट्टी आहेत. अँथनी म्हणतो, एकदा नमलो तर मागण्यांना अंत नाही. रॉबर्ट्सच्या रागाला एक जुने कारण आहे. त्याने लावलेल्या एका शोधाबद्दल कंपनीने त्याच्या हातावर सातशे पौंड ठेवले आणि स्वतः लाखभर मिळवले. दोघांच्याही मागची माणसे थकली आहेत. शेवटी संचालक आपल्या अध्यक्षाला मत देऊन बाजूला सारतात, कामगार आपल्या पुढाऱ्याला सोडतात, आणि तडजोड होते. तोवर ॲनी मेलेली असते. मग कंपनीच्या चिटणिसाच्या लक्षात येते की या तडजोडीच्या अटी संप सुरू होण्यापूर्वी दोन्ही बाजूंपुढे ठेवलेल्या मसुद्यातल्याच आहेत. त्यात काही फरक नाही.

हे वाचून कोणी म्हणतात, लेखकाने दोन्ही बाजू सारख्या तोलल्या, त्यामुळे तो कोणाचाच झाला नाही. मला हा आक्षेप अर्धाच पटतो. भाषणे त्याने तोलली आहेत हे खरे. पण शेकोटी तोललेली नाही. आणि मरते ती ॲनी, संचालकांपैकी कोणी मरत नाही.

येथे महाराष्ट्रातल्या माणसाला मुंबई आठवल्यावाचून राहणार नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या कापडगिरण्यांतील सुमारे अडीच लाख कामगार डॉ. दत्ता सामंत यांच्या पुढारीपणाखाली संपावर गेले. त्या संपाला तडजोडीचा शेवटचा अंक मिळालाच नाही. तो रीतसर मागे घेतला गेला नाही. विरत गेला, आणि पुढे गिरण्याच गेल्या. या गिरण्यांत मराठवाड्यातली माणसेही होती. नांदेडची उस्मानशाही मिलही आता इतिहासात जमा आहे. गॉल्सवर्दीचे नाटक मुंबईत किंवा नांदेडात ऐकताना जो प्रश्न पडतो तो लंडनच्या प्रेक्षकाला पडला नसेल. तेथे संप मिटल्यावर कारखाना चालू होणार हे गृहीत आहे. आपल्याकडे त्या जागी काचेच्या इमारती उभ्या राहिल्या.

मराठीत ही खोली, यंत्राशेजारची म्हणून मी जी सांगितली ती, उत्तम रीतीने कोणी रंगवली असेल तर जयंत पवारांनी 'अधांतर' या १९९७ च्या नाटकात. गिरणगावातील चाळीची एक खोली, संपानंतरचे दिवस, आई आणि तिची मोठी झालेली मुले. गिरणी दिसत नाही, ऐकूही येत नाही. आणि तिचा भोंगा वाजत नाही याचाच आघात प्रत्येक वाक्यावर आहे. त्यापूर्वी मामा वरेरकरांनी १९३२ मध्ये 'सोन्याचा कळस' लिहून मालक आणि मजूर समोरासमोर उभे केले होते. अण्णाभाऊ साठे स्वतः गिरणीत राबले होते. त्यांनी अमर शेख आणि गव्हाणकर यांच्याबरोबर १९४४ मध्ये लाल बावटा कलापथक काढले. त्यांच्या स्टालिनग्राडच्या पोवाड्याने रशियातले युद्ध डफ-तुणतुण्यावर गिरणी कामगारापर्यंत आणले. परक्या देशातली गोष्ट आपल्या रीतीने ऐकण्याची सवय आपल्या कामगाराला तेव्हापासून आहे. आणि आपली काही मंडळी परकीय नाटक म्हटले की पुण्या-मुंबईच्या प्राध्यापकांकडे पाहतात!

तिसरे नाटक थोडक्यात सांगतो, कारण त्याचे नाव पुष्कळांना न ऐकताही माहीत आहे. 'रोबो' हा शब्द आज बोरीतल्या पोरालाही ठाऊक आहे. तो जगाला दिला कारेल चापेक या चेक लेखकाच्या 'आर. यू. आर.' या १९२० च्या नाटकाने. शब्द सुचवला त्याचा भाऊ योसेफ याने; चेक भाषेत 'रोबोता' म्हणजे वेठ. म्हणजे यंत्रमानवाचे नाव मुळात वेठबिगारीवरून पडले आहे. एका बेटावर कृत्रिम कामगार बनवण्याचा कारखाना आहे. पहिला प्रवेश कोठे घडतो? कारखान्याच्या कचेरीत. व्यवस्थापक पत्रे सांगतो आहे आणि टंकलेखिका, जी स्वतः त्या कारखान्याचा माल आहे, ती उतरवून घेते आहे. कृत्रिम माणूस कसा तयार होतो ते आपल्याला दिसत नाही, सांगितले जाते. शेवटचे अंक जरा लांबतात, असे माझे मत आहे. वाचनासाठी पहिला प्रवेश आणि तिसऱ्या अंकातील काही भाग पुरे. हौशी मंडळींसाठी एक आनंदाची गोष्ट: प्रागच्या राष्ट्रीय नाट्यगृहात हे नाटक २५ जानेवारी १९२१ ला झाले; पण त्याच्या तीन आठवडे आधीच, २ जानेवारीला, एका लहान शहरातील हौशी मंडळाने ते करून टाकले होते.

सगळीच नाटके वाचनाला चालतात असे मात्र समजू नये. जर्मनीतील गेओर्ग कायझर याचे 'गॅस' हे १९१८ चे नाटक पाहा. सूत्र बरोबर असूनही कारखाना स्फोटात उडतो, ही कल्पना थरारून टाकणारी आहे. पण त्यातली माणसे माणसांसारखी बोलत नाहीत, तारेच्या मजकुरासारखी बोलतात. ते गर्दी, उजेड आणि आरडाओरडा यांवर उभे आहे. एर्न्स्ट टोलर याने तुरुंगात असताना यंत्रे फोडणाऱ्या इंग्लंडमधील विणकरांवर नाटक लिहिले. १९२२ मध्ये बर्लिनला झाले. त्यात यंत्र प्रत्यक्ष रंगमंचावर येते आणि तेच नाटकाचे मुख्य पात्र होते. असे नाटक खुर्चीत बसून वाचणे म्हणजे कुस्तीचे वर्णन वाचणे. आपल्याकडे दिल्लीच्या जन नाट्य मंचाने १९७८ मध्ये 'मशीन' नावाचे अवघे तेरा-एक मिनिटांचे पथनाट्य केले. त्यात नट आपल्या अंगांनीच यंत्र उभे करतात, आणि ते यंत्र थांबते तेथून नाटक सुरू होते. तेही वाचून दाखवू नये. चौकात करावे, आणि ते करावयास नेपथ्याची एक काडीही लागत नाही.

उलट काही नाटके अशी की जी आधी ऐकली गेली आणि नंतर पाहिली गेली. ब्रेश्टने शिकागोच्या कत्तलखान्यातील मांसाच्या कारखानदारीवर जे नाटक लिहिले ते १९३२ मध्ये बर्लिन रेडिओवरून संक्षिप्त रूपात ऐकवण्यात आले. लगेच हिटलर आला. रंगमंचावर पुरते नाटक उभे राहावयास १९५९ साल उजाडले, तेव्हा ब्रेश्ट मरून तीन वर्षे झाली होती. सत्तावीस वर्षे ते आवाजाच्या आठवणीवर राहिले. रशियातील अलेक्सांद्र गेल्मान याचे एक नाटक आहे, ज्यावर आधी १९७४ मध्ये चित्रपट निघाला होता. त्यात बांधकामावरची एक टोळी बोनस घ्यावयास नकार देते आणि समितीची सभा भरते. बस, एक सभा! टेबलाभोवती माणसे, वहीत मांडलेले हिशेब, आणि हळूहळू उघडे पडत जाणारे खोटे आकडे. ग्रामपंचायतीच्या सभेत बसलेल्या कोणालाही त्याची गोडी कळेल.

आणि एक अगदी अलीकडचे उदाहरण. लिन नॉटेज या अमेरिकेतील लेखिकेने पेनसिल्व्हेनियातील रेडिंग या कारखानदारीच्या, पण ओस पडत चाललेल्या शहरात दोन वर्षांहून अधिक काळ जाऊन-येऊन लोकांशी बोलून 'स्वेट', म्हणजे घाम, हे नाटक लिहिले. २०१५ मध्ये ते प्रथम झाले आणि २०१७ चे पुलित्झर पारितोषिक त्याला मिळाले. सगळे नाटक मुख्यतः एका मद्यगृहात घडते. एकाच कारखान्यात वर्षानुवर्षे शेजारी उभ्या राहिलेल्या मैत्रिणी. त्यांतली एक सुपरवायझर होते आणि बाकीच्यांपासून तुटते. मग एका रात्री यंत्रे हलवली जातात, टाळेबंदी येते, आणि जो पोरगा नाइलाजाने त्या जागी कामाला जातो त्याच्यावर सगळ्यांचा राग निघतो. मालक कोठेच दिसत नाही, म्हणून माणसे एकमेकांवर धावून जातात. नाटक न्यूयॉर्कमध्ये गाजत असताना, २०१६ च्या डिसेंबरात, लेखिका आणि नट रेडिंगला गेले व ज्यांच्याशी बोलून ते लिहिले होते त्या गावाला त्यांनी ते वाचून दाखवले. (या गावाच्या नावाचे इंग्रजी स्पेलिंग 'वाचन' या शब्दासारखेच आहे, हा योगायोग.) पुढे २०१८ मध्ये हेच नाटक तेथील कारखानदारीच्या भागांतून गावोगाव फिरवण्यात आले. बर्लिनच्या न्यायालयाने जे दार तिकिटाच्या किमतीवर बंद ठेवले होते, ते असे उघडता येते.

आता हे बोरीत कसे करावे?

प्रथम भाषेचा प्रश्न. हाउप्टमानने 'विणकर' दोनदा लिहिले. एकदा सिलेशियाच्या खेडवळ बोलीत, आणि मग बाहेरच्यांना कळावे म्हणून प्रमाण भाषेच्या जवळ आणून. आपण त्याच्या पहिल्या वाटेने जावे. 'मी काम करीत आहे' असे म्हणणारा विणकर आपल्याला पटणार नाही. 'काम करायलो' म्हणू द्या. ड्रायसिगर मात्र छापील मराठीत बोलला तरी चालेल, चालेल कशाला, शोभेल. नावे बदलून ड्रायसिगरचे देशमुख किंवा मारवाडी करण्याच्या भरीस पडू नये. नाव परके राहिले म्हणजे ऐकणारा स्वतःच ओळख पटवतो. आपण पटवून दिली की तो शेजाऱ्याकडे बोट दाखवून मोकळा होतो.

वाचक सात पुरेत. 'विणकर'मध्ये चाळीसच्या वर पात्रे आहेत, त्यामुळे एकाने चार-पाच पात्रे घ्यावी आणि निवेदकाने प्रत्येक वेळी नाव सांगावे. वाचकांत दोघे तरी असे असावेत की ज्यांनी जिनिंगमध्ये किंवा कंपनीत प्रत्यक्ष पाळी केली आहे. उच्चार अडखळले तरी चालतील. तालमी तीन पुरे. पाठ करू नये. पाठ केले की माणूस अभिनय करू लागतो, हात हलवू लागतो, आणि मग ना वाचन ना नाटक. ध्वनिक्षेपक एकच ठेवून तो हातोहात फिरवू नये. वाक्य संपून दुसरे सुरू होईपर्यंत जो खरखराट होतो त्यात सिलेशिया बुडून जाईल.

परवानगीचे थोडे सांगणे भाग आहे. आपल्या देशात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी त्याचे लेखन सर्वांना मोकळे होते. गॉल्सवर्दी १९३३ मध्ये, चापेक १९३८ मध्ये, हाउप्टमान १९४६ मध्ये आणि ब्रेश्ट १९५६ मध्ये वारले. तेव्हा यांची मूळ नाटके आपल्याला मोकळी आहेत. अनुवादाचा हक्क मात्र अनुवादकाचा असतो, म्हणून कोणाचा छापील अनुवाद घेतला तर त्याला विचारले पाहिजे. लिन नॉटेजसारख्या हयात लेखिकेची लेखी परवानगी हवीच. आणि महाराष्ट्रात नाटकाच्या जाहीर प्रयोगाची संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडून तपासून घ्यावी लागते. वाचनापूर्वीही त्यांच्याकडे चौकशी करून ठेवणे शहाणपणाचे.

आरंभ 'विणकर'च्या पहिल्या आणि पाचव्या अंकाने करावा; दोन्ही मिळून सव्वा-दीड तास होतो, आणि मधल्या तीन अंकांची हकिगत निवेदकाने पाच मिनिटांत सांगावी. पाचव्या अंकात म्हातारा हिल्से बाहेर चाललेल्या उठावात सामील व्हावयास नकार देतो. सून त्याला दूषणे देऊन बाहेर पडते, मुलगाही अखेर जातो. हा मात्र देवाने नेमून दिलेली जागा म्हणून मागावर बसून राहतो, आणि खिडकीतून आलेली एक चुकार गोळी त्यालाच लागते. ज्याने हात उचलला नाही तो मेला, याचा अर्थ काय, यावर गेली सव्वाशे वर्षे वाद चालू आहे. लेखक भित्रा होता म्हणणारे आहेत, आणि कोणी बाजूला उभे राहू शकत नाही हेच त्याला सांगावयाचे होते म्हणणारेही आहेत. बोरीतही तो वाद व्हावा. हिल्सेची बायको आंधळी आहे आणि तिला जवळजवळ ऐकू येत नाही. नवरा का बोलत नाही ते तिला कळत नाही. काहीतरी बोल, मला भीती वाटते, अशा अर्थाचे तिचे वाक्य हे नाटकाचे अखेरचे वाक्य आहे. ही भूमिका गावातल्या एखाद्या वयस्क बाईंकडे द्यावी, आणि त्या वाक्यानंतर निवेदकाने काही वाचू नये. संयोजकांनीही लगेच ध्वनिक्षेपक हातात घेऊन आभारप्रदर्शनाला उभे राहू नये. निदान दोन मिनिटे थांबावे.